झटका न आल्याबाबत

प्रति,
मा. सवलत अधिकारी,
कामगार आरोग्य योजना, औषध विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला,
खिडकी क्रमांक चारच्या मागची खोली.

विषय: नियम नऊ अन्वये मागितलेला झटक्याचा पुरावा सादर करून, बंद झालेली औषध-सवलत पुन्हा सुरू होणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे नकारपत्र (एका ओळीचे).
२) खिडकी क्रमांक चारवर अर्जदाराशी झालेले तोंडी बोलणे (पुष्कळ लांबीचे).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही इयत्ता दहावीत शिकणारी, पंधरा वर्षे वयाची, कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' मुलगी असून (वर्गात असे फक्त गणिताचे सर म्हणतात) हा अर्ज तिने स्वतः लिहिला आहे. खाली तिच्या वडिलांचीही सही आहे, परंतु मजकुराचा दोष त्यांना देऊ नये. त्यांनी लिहिलेला कच्चा अर्ज चार शब्दांचा होता: 'गोळ्या हव्यात. कृपा व्हावी.' एवढ्याने कोणतेही कार्यालय जागचे हलत नाही, असे अर्जदाराचे मत पडले. आणि अर्जदाराचे मत पडले की घरातल्या बाकीच्यांना आपापली मते उचलून ठेवावी लागतात.

अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, असे मराठीच्या बाईंनी शिकवले आहे. तेव्हा खाली जी मुलगी जागोजागी तोंडावर पडताना दिसेल, ती दुसरी-तिसरी कोणी नसून अर्जदारच होय.

१. अर्जदाराचे वडील, यापुढे 'बाबा', हे पंपांच्या कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवत ठेवून त्याला हवा तो आकार देणे हे त्यांचे काम. घरातले टेबल डुगडुगू लागले तर इतर लोक पायाखाली कागदाची घडी सरकवतात. बाबा मोजमाप घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी चकती घडवून आणतात. ते टेबल आजतागायत हललेले नाही. कारखान्याकडून कुटुंबाला आपल्या योजनेचे हिरवे कार्ड मिळाले होते. दवाखान्याच्या खिडकीतून ते कार्ड आत सरकवले की अर्जदाराच्या महिन्याच्या गोळ्या बाहेर सरकत येत. अर्जदाराची बराच काळ अशी समजूत होती की गोळ्या पाण्यासारख्या नळानेच येतात.

२. अर्जदाराला अपस्मार आहे. घरी त्याला फिट म्हणतात, आपल्या कागदांत झटका म्हणतात. अर्जदाराचा झटका फारसा प्रेक्षणीय नाही. ती जमिनीवर पडत नाही, हातपाय झाडत नाही. ती बोलता बोलता थांबते. डोळे उघडे आणि समोर बघणारे, पण आत कोणी नाही. डाव्या हाताची बोटे छातीशी एक बटण चाचपत राहतात, जे तिथे नसते. थोड्या वेळाने ती परत येते आणि अर्धवट राहिलेले वाक्य पहिल्यापासून म्हणू लागते, कारण मध्ये काही घडले याचा तिला पत्ताच नसतो.

पाचवी-सहावीत असताना वर्गाने तिचे नाव 'बंद घड्याळ' ठेवले होते. काही जण घड्याळ हलवूनही बघत. मधेच थांबण्याची लाज वाटे म्हणून अर्जदाराने सुरू करणेच सोडून दिले. हजेरीला 'उपस्थित' म्हणण्याऐवजी ती हात वर करी. मग मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लावून दिल्या आणि झटके थांबले. अर्जदाराने आधी भीत भीत एक वाक्य पुरे केले, मग दोन, आणि मग इतकी वर्षे तुंबलेले सगळे एकदम बाहेर आले. आता बाबा तिला 'भोंगा' म्हणतात. खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले काका एकदा जिन्यात बाबांना म्हणाले, 'तुमचा भोंगा थांबला की मी दुकान बंद करतो. मला वेगळं घड्याळ लागत नाही.' अर्जदार हा आपला गौरव समजते.

३. यंदा सहामाहीच्या सुमारास कारखान्याने लेथचा विभाग बंद केला. सर्व टर्नरांना उपाहारगृहात बोलावून चहा पाजण्यात आला. बाबा घरी येऊन म्हणाले, 'चहा बरा होता.' आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते आणि उरलेले घरी आणते. तिने मशीन थांबवले आणि विचारले, 'आणि?' बाबांनी हिरवे कार्ड टेबलावर ठेवले. त्याचा एक कोपरा कात्रीने कापलेला होता.

पुढच्या महिन्यात अर्जदार आणि बाबा प्रथमच बाहेरच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारांनी गोळ्यांची किंमत सांगितली. बाबांना वाटले, दुकान विकायला काढले आहे. त्यांनी पाकीट उघडले, आत डोकावले आणि आत कोणी झोपलेले असावे तसे ते हळूच मिटले. शेवटी निम्म्या गोळ्या घेतल्या. अर्जदाराने काउंटरवर हात आपटून सर्वसामान्य माणसाच्या आरोग्याविषयी एक तडफदार भाषण सुरू केले. दुकानदार शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, 'छान बोलतेस हं बाळ. पण किंमत मी नाही ठरवत. मी फक्त सांगतो, आणि मग लोकांचे चेहरे बघतो.' बाबा तोवर पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचले होते.

४. आपल्या योजनेत अशी सोय आहे की, नोकरी गेलेल्या कामगाराच्या घरात कोणाचा आजार 'चालू' असेल, तर त्याची औषध-सवलत आणखी वर्षभर पुढे चालवता येते. त्याप्रमाणे रीतसर अर्ज केला. आपले उत्तर आले: 'रुग्णास नजीकच्या काळात झटका आल्याची नोंद नसल्याने आजार चालू असल्याचे सिद्ध होत नाही.'

अर्जदाराने हे पत्र वर्गात अभिनयासह वाचून दाखवले आणि भरपूर हशा मिळवला. बाबांनी ते वाचले, घडी घातली, पुन्हा उघडले आणि पुन्हा वाचले. दुसऱ्यांदा वाचल्यावर काही वेगळे निघेल असे त्यांना वाटले असावे.

५. म्हणून अर्जदार शाळा बुडवून खिडकी क्रमांक चारवर समक्ष हजर झाली. तिथले कारकूनकाका, ज्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, वाईट माणूस नाहीत हे येथे मुद्दाम नमूद करण्यात येते. त्यांनी अर्जदाराला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाले, 'अगं, तू तर ठणठणीत दिसतेस.' गोळ्या घेते म्हणून दिसते, असे अर्जदाराने सांगितले. 'मग बरंच झालं की.' गोळ्या संपल्या तर दिसणार नाही, असे अर्जदाराने सांगितले. 'मग तेव्हा ये.'

यावर अर्जदाराने हार मानली नाही. बाबांच्या कारखान्यात न घेतलेली रजा पुढच्या वर्षात ओढता येई. त्या धर्तीवर अर्जदाराचे जुने झटके चालू वर्षात ओढता येतील काय, अशी पृच्छा तिने केली. तिच्या खात्यावर पाचवी-सहावीतले बऱ्यापैकी शिल्लक आहेत. काका म्हणाले, 'ही रजा नाही बाई, रोग आहे.' तेव्हा अर्जदाराने अशी तयारी दर्शवली की, ती गोळ्या बंद करील आणि आपल्याच कार्यालयाच्या बाकावर रोज येऊन बसेल, म्हणजे झटका आला की साहेबांनी स्वतः बाहेर येऊन पाहावा. काका नियमांचे पुस्तक चाळत म्हणाले, 'जेवणाच्या सुट्टीत आला तर धरता येणार नाही.' अर्जदार मोठ्याने हसली. काका हसले नाहीत. मग त्यांनी नियम नऊ वाचून दाखवला: झटक्याची तारीख, वेळ, ठिकाण, किती वेळ चालला, आणि नात्यात नसलेल्या साक्षीदाराची सही.

महोदय, बाबांच्या लेथवर लोखंड कापताना हत्यारावर सतत पांढरे पाणी सोडतात, म्हणून हत्यार जळत नाही. हत्यार जळत नाही, म्हणजे पाण्याची गरज नाही, असे म्हणून नळ बंद करणारा मुकादम अर्जदाराने अजून पाहिलेला नाही. बाबांनीही पाहिलेला नाही, आणि त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे मुकादम पाहिले आहेत. हा दाखला अर्जदाराने खिडकीत दिला. काका म्हणाले, 'पटलं. पण रकाना नाही.'

त्याच रांगेत अर्जदाराच्या मागे एक रखवालदार आजोबा होते. त्यांची साखर गोळ्यांमुळे आटोक्यात आहे, म्हणून त्यांनाही आजार नाही असे आपण कळवले आहे. ते अर्जदाराच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, 'पोरी, तू शिकलेली दिसतेस. साखर वाढवायची तर साधारण काय काय करावं लागतं?' अर्जदार याही वेळी हसली. मग तिला दिसले की आजोबा उत्तराची वाट बघत आहेत.

६. यानंतर जे घडले त्याबद्दल आपले कार्यालय जबाबदार नाही. ते सर्वस्वी अर्जदार आणि बाबा यांच्या हुशारीमुळे घडले.

निम्म्याच गोळ्या असल्याने बाबांनी ठरवले की प्रत्येक गोळी अर्धी करायची. सकाळी एकीऐवजी अर्धी, रात्रीही एकीऐवजी अर्धी. सुरीने नाही; सुरीने कापणे म्हणजे बाबांच्या मते रानटीपणा. कारखान्याने लेथ ठेवून घेतला होता, पण कानस बाबांची स्वतःची होती. त्यांनी पितळेचा एक ठोकळा घेऊन गॅलरीत बसून दोन संध्याकाळी साचा घडवला. मधोमध गोळीच्या आकाराची खाच, तिच्यावर दाढीचे पाते बरोबर मध्यावर येईल अशी फट, आणि वरून दाबायला छोटी मूठ. पहिली गोळी कापली तेव्हा चुराही पडला नाही. बाबांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले. नोकरी गेल्यापासून ते तसे हसले नव्हते. 'बघ भोंग्या, कुठला अर्धा कुठला, सांगून दाखव.'

अर्जदाराने आणखी पुढची मजल मारली. तिने दोन तुकडे कागदात गुंडाळून शाळेत नेले आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूवर गुपचूप तोलले. काटा हलला नाही. बापलेकीने त्या रात्री एकमेकांना टाळी दिली. आईला काही सांगायचे नाही, हे न बोलताच ठरले.

गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत एक सूचना असते. बाबा कारखान्याच्या नकाशांतली केसाएवढी मापे चष्म्याशिवाय वाचत आले आहेत. परंतु त्यांनी आल्या आल्या पाकिटाची एकेक गोळी कात्रीने सुटी करून, ओळीने लावून, डबीत ठेवली होती, आणि त्यात ती सूचना इतक्या व्यवस्थित तुकड्यांत विभागली गेली की कोणत्याच तुकड्यावर वाचण्यासारखे काही उरले नाही. अर्जदाराने पाकीट हातात घेतलेच नव्हते. तिला वाचनाचे बक्षीस मिळालेले नाही, वक्तृत्वाचे मिळालेले आहे. त्याविषयी पुढे.

७. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'यंत्रे वेळ वाचवतात की खातात?' सभागृह भरलेले, वर तीन परीक्षक, बाजूला घंटा आणि वेळमोजणीचे घड्याळ घेऊन बसलेल्या एक शिक्षिका. अर्जदाराने महिनाभर आरशासमोर तयारी केली होती, त्यामुळे घरातला आरसाही या विषयावर आता बोलू शकेल. ती उभी राहिली. तिने बाबांच्या कारखान्यातल्या नव्या यंत्रांचे वर्णन केले. मग ती भाषणाच्या मुख्य प्रश्नाकडे आली: 'मान्यवर, यंत्राने वाचवलेला वेळ शेवटी जातो कुठे?'

अर्जदाराला आठवते ते एवढेच की, हे वाक्य तिने एका दमात म्हटले आणि सभागृह एकदम पेटले. टाळ्या थांबेनात. वाक्य चांगलेच होते, पण इतके? अर्जदाराने मनात म्हटले, इतके. तिने मान लववून टाळ्यांचा स्वीकार केला.

पहिला क्रमांक अर्जदाराला मिळाला. प्रमाणपत्रावर हाताने लिहून खास उल्लेख केला होता: 'प्रभावी विराम व अर्थपूर्ण हस्तमुद्रा यांसाठी.' मुख्य परीक्षक बक्षीस देताना तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'इतका वेळ गप्प उभं राहायला छाती लागते, बेटा. मोठमोठ्यांना जमत नाही. कुठे शिकलीस?' कुठला विराम, हे अर्जदाराला कळेना. परंतु स्तुती पत्ता चुकून आली तरी परत पाठवायची नसते, असे तिचे त्या दिवसापर्यंतचे धोरण होते. ती म्हणाली, 'खूप सराव केला, सर.'

हे विधान अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

८. अर्जदाराच्या मैत्रिणीने, जिला सगळे 'चष्मिस' म्हणतात, संपूर्ण भाषण मोबाइलवर टिपले होते. संध्याकाळी तिने ते आईच्या मोबाइलवर पाठवले. आई, बाबा आणि अर्जदार टेबलाभोवती बसले. (टेबल हलले नाही.) मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

पडद्यावरची अर्जदार म्हणाली, 'मान्यवर, यंत्राने वाचवलेला वेळ...' आणि थांबली. डोळे थेट सभागृहाच्या पार पलीकडे. डावा हात सावकाश वर येऊन छातीशी थांबला. बाकांवरची कुजबूज बंद झाली. कोणीतरी खोकले आणि त्यालाही लाज वाटली असावी. मग पडद्यावरची अर्जदार हलली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, 'मान्यवर, यंत्राने वाचवलेला वेळ शेवटी जातो कुठे?' आणि टाळ्या.

बाबांनी शिटी मारली. 'आईशप्पथ, भोंग्या! अंगावर काटा आला बघ.' अर्जदारही चाट पडली होती. आपण हे असे काही केले होते, हे तिला प्रथमच कळत होते, आणि आपण किती थोर आहोत या विचाराने तिचा ऊर भरून आला. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती म्हणाली, 'परत लाव.' परत लावले. आईने पुढे वाकून मोबाइल हातात घेतला आणि चेहऱ्याकडे पाहिलेच नाही, फक्त हाताकडे पाहिले. तिचे आयुष्य काज आणि बटणे यांत गेले आहे.

'बटण शोधतेय,' आई म्हणाली.

मग ती अर्जदाराला म्हणाली, 'गोळी घेतेस ना गं?' घेते, असे अर्जदाराने सांगितले. 'पूर्ण?' बाबा टेबलाच्या पायाकडे बघू लागले. तो पाय त्यांनी स्वतः सरळ केला होता, त्यात बघण्यासारखे काही नव्हते.

पुढील तपशील कार्यालयीन भाषेत बसत नाही. सारांश असा की, आईने डबी उघडली, सुट्या तुकड्यांवरचे कागद टेबलावर जोडून बसवले, जसे ती पडद्याच्या कापडाची नक्षी शिवणीवर जुळवते, आणि तयार झालेली ओळ मोठ्याने वाचली: 'गोळी तोडू नये, चावू नये.' मग म्हणाली, 'एकाला दिसेल ते कापायचं असतं, एकीला सुचेल ते बोलायचं असतं. वाचायचं कोणी? मी?' यानंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी घासण्याचा आवाज आला नाही.

९. दुसऱ्या दिवशी तिघेही डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी चित्रफीत पाहिली आणि सांगितले की हा झटकाच आहे, शंकाच नको. त्यांनी असेही समजावले की ही गोळी पोटात हळूहळू विरघळावी म्हणून तिच्यावर आवरण असते. ती तोडली की औषध एकदम बाहेर पडते आणि लवकर संपून जाते. 'अर्धी गोळी म्हणजे अर्धं औषध नव्हे. अर्धी गोळी म्हणजे बिघडवलेली गोळी. आणि तुम्ही तर दिवसभराचं औषधच निम्मं केलंत.' पुढचा झटका जिन्यात किंवा रस्ता ओलांडताना येऊ शकला असता, हेही त्या म्हणाल्या. ते त्यांनी आवाज न चढवता सांगितले, म्हणून जास्त लागले.

बाबा खाली बघून म्हणाले, 'दोन्ही अर्धे अगदी सारखे होते, बाई.' आणि खिशातून कागदाची पुडी काढून पुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी तुकडा चिमटीत धरून पाहिला. 'इतकी सरळ कापलेली गोळी मी कधी बघितली नाही,' त्या म्हणाल्या. बाबांचा चेहरा क्षणभर उजळला. मग आपण कुठे बसलो आहोत हे त्यांना आठवले.

बाईंनी टेबलाच्या खणातून, कंपन्यांचे लोक वाटायला देतात त्यातल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या काढून दिल्या. त्या या महिनाअखेरपर्यंत पुरतील. त्यापुढे पूर्ण गोळ्या हव्यात, रोज हव्यात, आणि त्या आपल्या सहीशिवाय येणार नाहीत.

१०. आता मूळ मुद्दा. नियम नऊची पूर्तता पुढीलप्रमाणे करण्यात येत आहे. तारीख: प्रमाणपत्रावर छापलेली आहे. ठिकाण: तेही छापलेले आहे. वेळ आणि अवधी: घंटा घेऊन बसलेल्या शिक्षिकांनी विरामाची वेगळी नोंद घेतली होती, कारण तो भाषणाच्या वेळेत धरायचा की नाही यावर परीक्षकांत वाद झाला होता, ती नोंद त्यांनी सहीनिशी दिली आहे. साक्षीदार: आपण एक मागितला होता. अर्जदार तीन परीक्षक, प्रमाणपत्रावरच्या त्यांच्या सह्यांसह, सादर करत आहे. पैकी कोणीही नात्यातले नाहीत, तिघांनीही झटका लक्षपूर्वक पाहिला, आणि त्याला शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले. आपल्या कार्यालयाकडे याहून सन्मानाने प्रमाणित झालेला झटका यापूर्वी आला असेल असे अर्जदारास वाटत नाही. तो जेवणाच्या सुट्टीतही आलेला नाही.

प्रमाणपत्र परत करावे असे अर्जदाराच्या मनात आले होते. ती तोंड पाडून मराठीच्या बाईंकडे गेली आणि सगळे सांगितले. बाईंनी विचारले, 'विराम फिटचा. बाकीचं भाषण कोणाचं?' अर्जदाराचे, असे अर्जदाराने सांगितले. 'मग रडतेस कशाला? परीक्षकांना मी खरं काय ते कळवते. ते काढून घेतील तर घेऊ देत, नाहीतर पुढच्या फेरीला उभी राहा.' परीक्षकांचे उत्तर आले आहे. त्यांनी विशेष उल्लेख रद्द केला आणि क्रमांक कायम ठेवला.

११. येथवरचा अर्ज वाचून अर्जदाराला सगळ्याची गंमतच वाटते असे आपल्याला वाटेल. वाटते, खोटे कशाला बोला. फक्त एक गोष्ट गमतीत बसवून पाहिली, बसली नाही. अर्जदाराला आयुष्यात पहिल्यांदा भरलेल्या सभागृहाने टाळ्या दिल्या, आणि नेमकी त्याच वेळी अर्जदार तिथे हजर नव्हती. चष्मिस होती, परीक्षक होते, घंटा होती. अर्जदाराला ते क्षण दुसऱ्याच्या मोबाइलवर बघावे लागले. हजेरीला हात वर करण्याचे दिवस संपले असे तिने गृहीत धरले होते. ते गृहीतक रोज सकाळी आणि रात्री एकेक पूर्ण गोळी या अटीवर उभे आहे, हे तिला आता कळले आहे, आणि ते कळण्यासाठी दुसरा पुरावा देण्याची तिची अजिबात तयारी नाही.

१२. सबब विनंती की,

अर्जदाराची औषध-सवलत महिनाअखेरीपूर्वी पुन्हा सुरू करण्यात यावी.

तसेच, ज्याचे औषध काम करते आहे त्याला बरा झालेला न समजता औषध घेणारा समजावे, आणि त्यासाठी कारकूनकाकांना एक रकाना आखून द्यावा. दाखला पटला असे ते म्हणाले आहेत. पट्टी आणि पेन्सिल अर्जदार आणून देईल. त्या रकान्यात पहिले नाव रखवालदार आजोबांचे घ्यावे. त्यांचा अर्ज अर्जदारानेच लिहून दिला असून तो यासोबतच आपल्या टेबलावर येईल. साखर कशी वाढवायची, हे अर्जदाराने त्यांना सांगितलेले नाही. ते दुसऱ्या कोणाला विचारण्याच्या आत निर्णय व्हावा.

स्पर्धेची पुढची फेरी येत्या महिन्यात आहे. त्या भाषणात अर्जदार एक विराम घेणार आहे. तो कुठे घ्यायचा आणि कुठे संपवायचा, हे या खेपेस तिला स्वतः ठरवायचे आहे.

आपली नम्र, तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येईल अशी,
अर्जदार ऊर्फ भोंगा
इयत्ता दहावी

पालकाची सही व अभिप्राय: (सही) गोळ्या हव्यात. कृपा व्हावी.

दिनांक: चालू महिन्याची अठरा, सकाळची गोळी घेतल्यानंतर.

सोबत:
१) वक्तृत्व स्पर्धेचे प्रमाणपत्र, मूळ प्रत, विशेष उल्लेखावर काट मारलेली. अर्जदाराकडे दुसरे प्रमाणपत्र नसल्याने हे परत मिळावे.
२) वेळमोजणीची नोंद, सहीनिशी.
३) डॉक्टरीणबाईंचे पत्र. मूळ चित्रफीत चष्मिसच्या मोबाइलवर आहे. बोलावल्यास ती मोबाइलसह येईल, नुसता मोबाइल देणार नाही.
४) पितळी साचा, एक नग. झटक्याचे कारण विचारले गेल्यास दाखवावा म्हणून बाबांनी स्वतः पिशवीत ठेवला आहे. त्यात केसाएवढीही चूक नाही. परत पाठवू नये.